गाडी मोजा, ड्रायव्हरला नको : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त एकाच विषयावर आहेत, क्लब रेसिंगमधले, म्हणजे हौशी मोटर रेसिंगमधले, क्लास (एकमेकांशी लढणाऱ्या गाड्यांचे गट) आणि सारखे बदलणारे नियम. त्यामुळे ब्रेक पॅड आणि इंजिन ऑइलवाले प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज फक्त हेच. मी आधी बरीच वर्षं ग्रिडवर, म्हणजे रेस सुरू होताना गाड्या रांगेत उभ्या असतात तिथे, आणि मग स्क्रुटिनीअरिंगच्या, म्हणजे गाडी नियमात आहे का ते तपासायच्या, शेडमध्ये काढली आहेत, तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार कळतं.

प्रश्न : आमच्या क्लासमध्ये एकच गाडी सलग सात रेस जिंकली. बाकी सगळे म्हणतायत तिच्यावर ५० किलो बॅलास्ट (मुद्दाम बसवलेलं जादा वजन) टाका. मी टेक्निकल कमिटीवर आहे, टाकू का?

लगेच टाकू नका. आधी जिंकतंय कोण ते बघा, गाडी का माणूस. स्टॉपवॉचला हे कळत नाही, ते दोघांची बेरीज दाखवतं आणि आपण मात्र ती सगळी गाडीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

पहिली गोष्ट, त्याच मॉडेलच्या बाकीच्या गाड्या कुठे येतायत? समजा ग्रिडवर तशा चार गाड्या आहेत आणि त्या पहिल्या, सातव्या, अकराव्या आणि पंधराव्या येतायत, तर मॉडेलमध्ये काही खास नाहीये, खास तो ड्रायव्हर आहे, आणि तुम्ही वजन टाकलंत तर ते त्या चारही गाड्यांवर पडणार. म्हणजे पंधरावा येणारा माणूस, ज्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही, तो सतरावा जाणार. दुसरी गोष्ट, जीपीएस लॉगर (गाडीचा वेग सतत नोंदवणारं यंत्र) लावा, हल्ली निम्म्या लोकांकडे तो असतोच, आणि सरळ रस्त्याचा एकच तुकडा घेऊन बघा की १०० ते १५० किमी वेग गाठायला कुठल्या गाडीला किती सेकंद लागतात. एंड स्पीड, म्हणजे सरळ रस्त्याच्या शेवटी गाठलेला वेग, बघू नका हां, तो फसवतो, कारण ज्याने आधीचा कॉर्नर नीट काढला त्याचा एंड स्पीड आपोआप जास्त येतो, तिथे इंजिनचा काही संबंध नसतो. १०० ते १५० मध्ये ती गाडी बाकीच्यांइतकीच असेल आणि वेळ सगळा ब्रेकिंगमध्ये आणि कॉर्नरच्या मधोमध मिळवत असेल, तर मग तो माणूस, त्याचा सेटअप आणि त्याचे टायर, यातलं काहीतरी आहे. जमत असेल तर प्रॅक्टिसच्या दिवशी दोन चांगल्या ड्रायव्हरनी गाड्या अदलाबदल करून दहा-दहा लॅप माराव्यात, त्या वीस लॅपमध्ये जेवढं कळतं तेवढं कमिटीच्या दोन मीटिंगमध्ये कळत नाही.

आणि हे सगळं करून गाडीच खरंच जास्त निघाली तर? तर मग कुठे जास्त आहे ते बघून औषध द्या. १००० किलोच्या गाडीवर ५० किलो म्हणजे पाच टक्के, आणि ते पाच टक्के सगळीकडे भोवतात, ॲक्सिलरेशनला, ब्रेकिंगला, कॉर्नरला, टायरच्या झिजेला. एअर रिस्ट्रिक्टर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर बसवलेलं अरुंद भोक, तसा नाही. एका ठरावीक व्यासाच्या भोकातून हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला की त्यापुढे इंजिनने कितीही ओढलं तरी जास्त हवा येत नाही, त्यामुळे रिस्ट्रिक्टर मुख्यतः वरच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) पॉवर कापतो, खाली फारसा जाणवतही नाही, आणि कॉर्नरमधल्या वेगाला तर हातच लावत नाही. म्हणून गाडी सरळ रस्त्यावर पळत असेल तर रिस्ट्रिक्टर, आणि सगळीकडेच भारी असेल तर वजन. उलटं केलंत तर एका ट्रॅकवर ती गाडी संपेल आणि दुसऱ्या ट्रॅकवर तशीच जिंकत राहील, आणि मग परत तुमच्याकडे तीच मंडळी येणार.

जिंकला म्हणून वजन, ही पद्धत मला अमॅच्युअर रेसिंगमध्ये अजिबात पटत नाही. ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये ती वर्षानुवर्षं होती, २०२२ मध्ये हायब्रिड आल्यावर त्यांनी बॅलास्ट काढून पुढच्यांना हायब्रिडचा बूस्ट (विजेच्या मोटरची जादा ताकद) कमी द्यायला सुरुवात केली. पण तो प्रेक्षकांसाठीचा खेळ आहे, त्यांना शेवटपर्यंत चुरस दाखवायची असते. आपल्याकडे माणूस स्वतःच्या पगारातून रेस करतो, रात्री गॅरेजमध्ये बसून गाडी सुधारतो, आणि सुधारली की आपण त्याच्या पॅसेंजर फ्लोअरवर शिशाची प्लेट बोल्ट करायची? त्यातून बाकीचे एकच गोष्ट शिकतात, की पूर्ण वेग दाखवायचा नाही. आणि एकदा लोक वेग लपवायला लागले की तुमचा लॉगरचा डेटाही गेला.

प्रश्न : आमचा क्लब दरवर्षी रूलबुक बदलतो. कधी शॉकअप मोकळे (हवे ते लावा), कधी ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) मोकळा. सेक्रेटरी म्हणतात "सगळ्यांनाच सारखं आहे ना." मग आम्हाला त्रास का होतो?

कारण ते सगळ्यांना सारखं नाहीये हो. नियम सारखा आहे, खर्च सारखा नाही. जो पहिल्या तीनात आहे त्याच्यासाठी नवीन शॉकअप म्हणजे एक ऑर्डर, आणि जो बाराव्या नंबरवर आहे त्याच्यासाठी तो अर्ध्या सीझनच्या एंट्री फीचा प्रश्न असतो, आणि त्याने नाही घेतले तर तो बाराव्याचा सोळावा होतो, घेतले तर पैसे घालून बारावाच राहतो. रूलबुकमध्ये "चालेल" असं लिहिलं की ट्रॅकवर त्याचा अर्थ "लागेल" असाच होतो. हे एक वाक्य प्रत्येक कमिटीच्या टेबलावर चिकटवून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्यावर हे एकदा गुजरलंय. ज्या क्लबमध्ये मी रेस करायचो त्याचं नाव घेत नाही. एका ऑफ-सीझनला मी रूलबुकप्रमाणे १६०० सीसीचं इंजिन बांधलं, चार महिने, एकेक बेअरिंग स्वतः बसवलं, प्लॅस्टिगेजने, म्हणजे बेअरिंगची फट मोजायच्या प्लॅस्टिकच्या बारीक दोऱ्याने, क्लिअरन्स मोजून वहीत लिहून ठेवले. पहिल्या रेसच्या तीन आठवडे आधी पत्र आलं की मोठी व्हॉल्व्ह आता चालतील. म्हणजे माझं सिलिंडर हेड, व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनचा वरचा भाग, जे नुकतंच पूर्ण झालं होतं, ते त्या दिवशी जुनं झालं. मी त्या सीझनला दोनच रेस केल्या आणि गाडी ट्रेलरवरून विकून टाकली. त्या वर्षी माझ्यासारखे अजून चार जण गेले, चौघेही मागच्या अर्ध्या ग्रिडमधले, आणि कुणीही तक्रार केली नाही, नुसते यायचे बंद झाले. मागच्या ग्रिडचं हे असंच असतं, ती भांडत नाही, निघून जाते. आणि मग कमिटी म्हणते की क्लास मरतोय, काहीतरी नवीन नियम आणूया.

जे क्लास खरंच टिकले त्यांच्याकडे बघा. फॉर्म्युला व्ही घ्या. फोक्सवॅगन बीटलचं १२०० सीसीचं इंजिन, बीटलचाच गिअरबॉक्स, बीटलचाच पुढचा ॲक्सल. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाने, म्हणजे एससीसीएने, १९६३ मध्ये त्याला क्लास म्हणून घेतलं आणि साठ वर्षांनंतर आजही त्या गाड्या पळतायत. त्या काही फार वेगवान नाहीत. पण तीस वर्षं जुनी गाडी घेऊन, ती नीट तयार करून, तुम्ही नव्या गाडीशी लढू शकता, आणि घेतलेली गाडी पाच वर्षांनी विकायला गेलात तरी तिला गिऱ्हाईक असतं. नवा माणूस क्लासमध्ये येताना हेच बघतो, की उद्या ही गाडी कुणी घेईल का.

तुमच्या सेक्रेटरींना एवढंच सुचवा: टेक्निकल नियम तीन वर्षं गोठवा. सेफ्टीचे नियम यात धरायचे नाहीत, सीटबेल्ट, हेल्मेट, रोलकेज यांचं काही निघालं तर ते ताबडतोब. बाकीचा प्रत्येक प्रस्ताव आधी सगळ्या मेंबरना पाठवायचा, उत्तरं द्यायला वेळ द्यायचा, आणि पास झाला तरी तो पुढच्या सीझनच्या पहिल्या दिवशी लागू, मध्येच नाही. प्रस्तावाखाली एक ओळ सक्तीची ठेवा, मागच्या ग्रिडवरच्या माणसाला याचा खर्च किती. ती ओळ भरताना निम्मे प्रस्ताव आपोआप मागे घेतले जातात, मी बघितलंय.

आणि रूलबुकच्या पहिल्या पानावर हे असू द्या की लिहिलेलं नसेल तर चालत नाही. एससीसीएचं सगळं रूलबुक याच तत्त्वावर उभं आहे. उलट तत्त्व, म्हणजे मनाई केलेली नसेल तर चालतं, हे घेतलंत तर तुम्ही जन्मभर मनाईची यादी लिहीत बसाल आणि हुशार माणूस कायम तुमच्या एक पाऊल पुढे असेल.

प्रश्न : क्लास सीसीवर पाडावेत की पॉवर-टू-वेटवर (वजनाच्या मानाने पॉवर किती यावर)? आमच्याकडे टर्बो गाड्या वाढल्यात आणि सीसीचा काही अर्थच उरला नाही.

सीसी मोजायला सोपं, बोअर आणि स्ट्रोक (सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची चाल) मोजला की विषय संपला, वाद नाही. पण टर्बो इंजिनात जादा हवा दाबून भरतो, त्यामुळे तो आला की सीसीला एक गुणक लावावा लागतो आणि तिथेच गडबड सुरू होते. एफआयएने, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेने, ऐंशीच्या दशकात १.४ लावला होता, पुढे तो पेट्रोलसाठी १.७ झाला. १.४ च्या काळात काय व्हायचं बघा, लान्शिया डेल्टा एस४ या रॅलीच्या गाडीचं इंजिन १७५९ सीसीचं होतं. हा आकडा असा विचित्र का? १७५९ गुणिले १.४ करा, २४६३ येतात, म्हणजे २५०० च्या बरोबर आत, आणि त्या गटाला कमी वजनाची मुभा होती. म्हणजे गाडी बघून नियम नाही, नियम बघून गाडी बांधली. कारखान्यांनी तेव्हा जे केलं तेच तुमच्या क्लबमधला एखादा जिद्दी माणूसही करणार, सूत्र दिलंत की त्याची कड कुठे आहे ते तो शोधणारच.

पॉवर-टू-वेट ऐकायला जास्त न्याय्य वाटतं आणि बऱ्याच अंशी ते आहेही, पण मग डायनो (गाडीची पॉवर मोजणारं यंत्र) आला. एकच गाडी दोन वेगळ्या बनावटीच्या डायनोवर चढवा, आकडे वेगळे येतील. टायरमधली हवा, स्ट्रॅप किती आवळलाय, इंजिन किती गरम आहे, यावरही बदलतात. म्हणून एकच डायनो, एकच ऑपरेटर, आणि थोडी सूट आधीच लिहून ठेवलेली, हे पाहिजे. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. हल्लीचे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवाले ईसीयू असे मॅप करता येतात की पीक पॉवर कागदावर बरोबर मर्यादेत, पण ४००० ते ७००० आरपीएम सगळीकडे तेवढीच, एकदम सपाट, टेबलासारखी. दुसऱ्या माणसाच्या साध्या इंजिनला तेवढीच पॉवर फक्त ६५०० ला एका टोकावर मिळते. दोघांचा पीक एक, पण गिअर बदलल्यावर आरपीएम खाली पडतो तेव्हा कोण पुढे जाणार ते सांगायला नको. म्हणून फक्त पीक घेऊ नका, ज्या आरपीएमच्या पट्ट्यात गाडी खरंच पळते त्या पट्ट्याची सरासरी घ्या.

छोट्या क्लबला मी तिसराच रस्ता सुचवीन. एससीसीएच्या इम्प्रूव्ह्ड टूरिंग या रस्त्यावरच्या गाड्यांच्या क्लासमध्ये गाडीचं वजन सूत्राने ठरवायची पद्धत होती, कारखान्याची मूळ पॉवर घ्यायची, क्लासमध्ये चालणाऱ्या कामांमुळे ती साधारण २५ टक्के वाढेल असं धरायचं, आणि त्याला त्या क्लासच्या आकड्याने गुणायचं. उदाहरणार्थ मूळ १२० हॉर्सपॉवर, वाढ धरून १५०, आणि क्लासचा आकडा समजा हॉर्सपॉवरमागे ७ किलो, तर वजन १०५० किलो. गाडी कुणाची, कोण चालवतो, गेल्या रविवारी काय झालं, याचा त्यात संबंधच नाही. आणि त्याच रूलबुकात स्पष्ट लिहिलेलं असायचं की कुठलीही गाडी स्पर्धेत राहीलच याची हमी नाही. ऐकायला कठोर आहे, पण मला ते फार प्रामाणिक वाटतं. सगळ्या गाड्यांना एका सेकंदाच्या आत आणायला गेलात तर दर महिन्याला नट-बोल्ट फिरवत बसावं लागेल, आणि ते काम जगभरच्या जीटी३ (वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्पोर्ट्स कारच्या) रेसिंगमध्ये पगारी इंजिनिअर लोक डेटाचे ढीग घेऊन करतात तरी दर रेसला ओरड होतेच.

प्रश्न : आमच्या क्लासचं इंजिन आता बनतच नाही, पार्ट मिळत नाहीत. नियम स्थिर ठेवायचे म्हणजे क्लास असाच मरू द्यायचा का?

नाही, स्थिर म्हणजे गोठून दगड होणं नव्हे. फॉर्म्युला फोर्ड या एकसीटी रेसिंग गाड्यांच्या क्लासवाल्यांना हाच प्रश्न आला होता. १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचला पहिली रेस झाली तेव्हा फोर्डचं १५०० सीसीचं इंजिन, मग लवकरच फोर्डचंच १६०० सीसीचं केंट इंजिन, आणि चाळीस वर्षांनी त्याचं सामान जपून जपून वापरायची वेळ आली. अमेरिकेत २०१० मध्ये होंडा फिटच्या इंजिनाला परवानगी दिली, रिस्ट्रिक्टर लावून, मुद्दाम केंटच्या बरोबरीला आणून. आणि केंट बंद केलं नाही. नवीन इंजिन जुन्याच्या पातळीवर खाली आणलं, जुन्याला वर यायला लावलं नाही. तुम्ही पण हेच करा, पर्याय द्या पण थोडा कमीच ठेवून सुरू करा, कारण नंतर दोन हॉर्सपॉवर वाढवून दिले तर कुणी रागावत नाही, दिलेले काढून घेतले तर क्लब फुटतो.

प्रश्न : टायरवरचा खर्च सगळ्यात जास्त होतो. २०० ट्रेडवेअरचा (टायर किती टिकतो ते सांगणाऱ्या आकड्याचा) नियम केला तर?

फार उपयोग नाही. अमेरिकेतला तो ट्रेडवेअरचा आकडा टायर बनवणारी कंपनी स्वतःच ठरवून टायरवर छापते, त्यामुळे २०० लिहिलेले काही टायर जवळपास रेसचेच असतात. एकच कंपनी, एकच मॉडेल, आणि सीझनला किती सेट ते मोजून साइडवॉलवर शिक्का. शिक्का नसेल तर ग्रिडवर यायचं नाही. एवढंच.

प्रश्न : गाडीच्या किमतीवरच मर्यादा घातली तर सगळे वाद मिटतील ना?

अमेरिकेतल्या ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स या रेसने २००६ पासून हेच केलं, गाडी ५०० डॉलरची, सेफ्टीचं सामान त्यात धरायचं नाही, आणि जास्त खर्च केलेला दिसला की जज सरळ पेनल्टी लॅप देतात. तिथे ते चालतं कारण जजचा शब्द शेवटचा आणि लोक मुळात मजा करायला येतात. चॅम्पियनशिपचे पॉइंट असलेल्या क्लासमध्ये मात्र खर्च मोजता येत नाही, पावत्या कशाही आणता येतात. वजन मोजता येतं, व्यास मोजता येतो. जे मोजता येतं त्याचाच नियम करा.

प्रश्न : काका, मी १९ वर्षांचा आहे. माझी पहिली पोडियम होती, तिसरा आलो, आणि वजनात २ किलो कमी भरलो म्हणून बाद केलं. २ किलोनी काय फरक पडतो? हा अन्याय नाही का?

वाईट वाटलं रे वाचून, खरंच. पहिली पोडियम अशी जाणं लागतं मनाला. पण अन्याय नाही झाला.

रेस संपल्यावर काट्यावर काय होतं ते मी इतक्या वेळा बघितलंय. गाडी पार्क फर्मेमधून (रेसनंतर गाड्यांना कुणी हात लावू नये म्हणून ठेवायची जागा) ढकलत आणतात, चारही चाकं चार पॅडवर, ड्रायव्हर आत, हेल्मेट डोक्यावर, घाम गळतोय, आणि सगळे जण त्या छोट्या डिस्प्लेकडे बघतायत. आकडा थोडा वर-खाली होतो आणि थांबतो. त्या क्षणी मी जर म्हटलं की जाऊ दे, दोनच किलो आहेत, तर पुढच्या वेळी तीन किलोवाला विचारणार, मग पाचवाला. आणि मी कुणाला सोडतो नि कुणाला नाही हे माझ्या मर्जीवर अवलंबून राहणार. चौथा आलेला मुलगा वजनात होता ना, त्याने जड गाडी पूर्ण रेस ओढली.

तू आता एवढं कर. वजन पेट्रोल जवळपास संपलेलं असताना धर, सुरुवातीचं नको, कारण वीस लिटर पेट्रोल म्हणजेच साधारण पंधरा किलो जातात. रेसमध्ये तुझंही किलो-दीड किलो घामात जातं, टायर झिजतात, ब्रेक पॅड झिजतात. शेवटच्या लॅपनंतर कूल-डाउन लॅपला रेसिंग लाइन सोडून चालव म्हणजे टायरला पडलेल्या रबराचे तुकडे चिकटतात, थोडं वजन परत येतं, जुने लोक हे हमखास करतात. पण त्याच्या भरवशावर राहू नको, सरळ पाच किलो जास्त घेऊन जा. आणि शनिवारी क्लबच्या काट्यावर गाडी चढवून बघ, कारण रविवारी तोच काटा असणार, तुझ्या गॅरेजमधला काटा काय म्हणतो त्याला तिथे काही किंमत नाही.

प्रश्न : मला खात्री आहे की माझ्या मित्राचं इंजिन नियमाबाहेरचं आहे. प्रोटेस्ट (गाडी तपासा अशी लेखी तक्रार) केला तर मैत्री जाईल, नाही केला तर रेसिंगची मजा जाते. काय करू?

प्रोटेस्ट म्हणजे चोर म्हणणं नव्हे, हे आधी स्वतःला पटवा. मला तर वाटतं की नियम बदला म्हणून जी पत्रं येतात त्यातली निम्मी या भीतीतून येतात, समोरच्याची गाडी उघडा म्हणायची हिंमत होत नाही म्हणून लोक त्याच्या मॉडेलवर वजन मागतात. आहे तो नियम तपासला गेला असता तर नवीन नियमाची गरजच पडली नसती.

स्पेक मियाटा हा तर माझ्दा मियाटा या एकाच मॉडेलचा क्लास, तरी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर एससीसीएच्या रनऑफ्स या राष्ट्रीय स्पर्धेत पुढच्या फळीतल्या अनेक गाड्या सिलिंडर हेडच्या कामावरून बाद झाल्या. व्हॉल्व्ह सीटच्या खाली, जिथे पोर्ट वळतो तिथे कटर किती खोल गेलाय, यावरून सगळं. डोळ्याला जेमतेम दिसतं ते. मी स्वतः हेड हातात घेतलं की आधी पोर्टमध्ये बोट घालून त्या वळणावर फिरवतो, कास्टिंगचा खरखरीतपणा कुठे संपतो आणि गुळगुळीत कुठून सुरू होतं ते बोटाला लगेच कळतं. पण बोटाला कळलं म्हणून कुणाला बाद करता येत नाही, त्यासाठी रूलबुकात मिलिमीटर लागतात आणि हातात गेज लागतो. पुढे त्या क्लासमध्येही हेडचा नियम नव्याने लिहायला लागला.

तेव्हा आधी मित्राशी बोला, रेसच्या दिवशी नको, आधीच्या आठवड्यात. सरळ म्हणा की मला शंका आहे, तू स्वतःहून हेड दाखवतोस का. तो हो म्हणाला तर तिथेच मिटेल. नाही म्हणाला तर लेखी प्रोटेस्ट द्या, वेळेच्या आत, नियमाचा नंबर टाकून, "इंजिन बेकायदा वाटतं" असं मोघम नको, नेमका कुठला पार्ट ते लिहा. इंजिन उघडताना तो तिथे उभा असू द्या, गेजचा आकडा त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. आणि गाडी नियमात निघाली तर त्याच संध्याकाळी हेड गॅस्केट नि परत बांधायची मजुरी तुमच्या खिशातून द्या, आणि दुसऱ्या दिवशी बांधायला हात लावायला जा.